मेंदूचें वजन आणि स्त्रीची बुद्धि



वाण्याच्या तराजूला एकच प्रश्न विचारावयाचा असतो : माल किती ? माल कसा आहे, हें तराजू सांगत नाहीं. ही साधी गोष्ट एकोणिसाव्या शतकांतील युरोपच्या मोठमोठ्या पंडितांच्या ध्यानांतून निसटली, आणि तिचा भुर्दंड मात्र स्त्रियांना भरावा लागला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पॅरिसचे विख्यात शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं इस्पितळांत मृत झालेल्या माणसांच्या मेंदूंचीं वजनें केलीं. २९२ पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम भरली, १४० स्त्रियांची ११४४. म्हणजे फरक १८१ ग्रॅमांचा. हे आंकडे खोटे नव्हते. ब्रोका हे काटेकोर संशोधक होते. वाणीचें केंद्र मेंदूच्या कोणत्या भागांत आहे, हें १८६१ मध्यें दाखवून त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली. स्त्रीचा देह लहान, तेव्हां तिचा मेंदूहि लहान असावयाचा, हें त्यांना कळत होतें. परंतु स्त्रीची बुद्धि कमी, हें त्यांनीं आधींच गृहीत धरलें होतें. म्हणून फरकाचा कांहीं अंश त्यांनीं बुद्धीच्या खातीं मांडला. देहाच्या आकाराचा अंश किती, हें मोजून पाहण्याची तसदी मात्र घेतली नाहीं. जें सिद्ध करावयाचें, तेंच पुराव्यांत घातलें !

अशा मतांचा परिणाम ग्रंथांपुरता राहिला नाहीं. म्युनिकचे शरीरशास्त्रज्ञ बिशोफ यांनींहि मेंदूंचीं वजनें केलीं होतीं. स्त्रियांनीं वैद्यक शिकूं नये, असें प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनीं १८७२ मध्यें प्रसिद्ध केली. त्यानंतर चौदाच वर्षांनीं, १८८६ मध्यें, आपल्या आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी संपादन केली. त्यांच्या मेंदूचें वजन कोणी विचारलें नाहीं. परीक्षेंतील उत्तरें तेवढीं पाहिलीं.

त्याच अमेरिकेंत हेलेन गार्डनर नांवाची लेखिका या वादांत उतरली. १८८८ मध्यें वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेंत तिनें सडेतोड व्याख्यान दिलें. तिचें म्हणणें असें : पुरुषांचे मेंदू तोलले ते नामवंतांचे, आणि स्त्रियांचे तोलले ते अनाथ, दरिद्री बायकांचे, ही तुलना न्यायाची कशी? शिवाय वीस मेंदू पुढें ठेवले, तर त्यांतला स्त्रीचा कोणता आणि पुरुषाचा कोणता, हें कोणता तज्ज्ञ नुसतें पाहून सांगेल ? या आव्हानाला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. १९२५ मध्यें ती वारली, तेव्हां आपला मेंदू तिनें मृत्युपत्रान्वयें कॉर्नेल विद्यापीठास दिला. तो भरला ११५० ग्रॅम. ब्रोकांच्या पुरुषी सरासरीहून पुष्कळच कमी. ही स्त्री संयुक्त संस्थानांच्या नागरी सेवा आयोगावर नेमली गेलेली पहिली महिला होती.

गणिती निकाल लंडनच्या ॲलिस ली या विदुषीनें दिला. डब्लिन येथें १८९८ मध्यें जमलेल्या शरीरशास्त्रज्ञांच्याच डोक्यांचीं मापें घेऊन तिनें कवटीची धारणाशक्ति काढली. कित्येक नामांकित पंडित यादीच्या तळाशीं गेले ! कवटीचें माप आणि बुद्धि यांचा मेळ बसत नाहीं, हें १९०१ मध्यें छापून प्रसिद्ध झालें.

आज चुंबकीय यंत्रानें जिवंत मेंदूचें चित्र घेतां येतें. त्यांतहि पुरुषाचा मेंदू सरासरीनें शेंकडा दहा-अकरा मोठा दिसतो. फरक नाहींच, असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. परंतु या फरकाचें मोठें कारण देहाचा आकार हेंच आहे, आणि दोन्ही बाजूंचीं मापें एकमेकांत पुष्कळ मिसळलेलीं आहेत. तेल अवीव विद्यापीठाच्या डाफ्ना जोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ मध्यें चौदाशेंहून अधिक मेंदूंचीं चित्रें तपासलीं. एकाच मेंदूंत पुरुषांत अधिक आढळणारीं आणि स्त्रियांत अधिक आढळणारीं लक्षणें शेजारीं शेजारीं नांदतांना बहुधा दिसलीं.

सरासरी ही समूहाची असते. वर्गांत बसलेली मुलगी ही एकटी असते. "मुलींना गणित जमावयाचें नाहीं," हें वाक्य मीं माझ्या नोकरीच्या काळांत पालकांच्या तोंडून कितीदां ऐकलें, याची गणती नाहीं. तें बोलण्यापूर्वीं तिच्या हातीं पाटी द्यावी, उदाहरण घालावें, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा.