कुटुंबस्मृतीचे काव्यरूप : कऱ्हा-नीरेच्या परिसरातील जात्यावरची ओवी

बारामतीचे नाव मराठी काव्याच्या इतिहासात मोरोपंतांमुळे (१७२९–१७९४) स्थिर झाले. पन्हाळ्याहून आलेल्या या कवीने बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी महाभारत, रामायण व भागवत यांना आर्येचा घाट दिला. त्यांच्या काव्याची सामग्री प्राधान्याने पुराणांतून आलेली आहे. ‘केकावली’तील आर्तता वैयक्तिक असली तरी ती भक्ताची आहे, नात्यागोत्यांचा संसार तेथे आशयाचे केंद्र होत नाही. हा संसार ज्या काव्याचा मुख्य आशय होता ते काव्य याच परिसरात जात्याभोवती गायिले जात होते. वाङ्मयेतिहासाने पंतांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि ओवीला ‘लोकसाहित्य’ या परिशिष्टात बसविले. या विभागणीमुळे कुटुंबस्मृती काव्यात कशी रूपांतरित होते, हा प्रश्नच समीक्षेपुढे फारसा आला नाही.

ओवीची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळते. पहाटेच्या दळणाने या ओवीला तिचा रूपबंध दिला. समोरासमोर बसलेल्या दोघींच्या हातात एकच खुंटा असतो. मूठभर दाणे घालीत जाते फिरत राहते. संहिता दोनच ओळींची असते. गाताना त्या ओळी संबोधनांनी आणि पुनरावृत्तीने लांबतात. दीर्घ कथनाला तेथे अवकाश नाही. म्हणून आठवण संपूर्ण प्रसंग म्हणून येत नाही. एखादे दृश्य, एखादे नाते, एखादा उद्गार एवढाच तिचा अंश उरतो.

या रूपांतरातील निर्णायक क्रिया म्हणजे विशेषनामाचा लोप. भाऊ न्यायला आला नाही, हा एका घरातला, एका वर्षीचा प्रसंग असतो. ओवीत येताना वर्ष गळते, भावाचे नाव गळते. ‘बंधू’ एवढे नाते उरते. आता ती आठवण समोर बसलेल्या जावेलाही स्वतःची म्हणून गाता येते. तथापि या लोपाकडे केवळ सार्वत्रिकीकरण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. सासरच्या घरात, सासूच्या कानावर पडेल अशा अंतरावर ही ओवी गायिली जाते. गाऱ्हाणे परंपरेचे आहे, गाणारीचे नव्हे, असे म्हणण्याची सोय संकेतच करून देतो. निनावीपण हे येथे संरक्षणही आहे.

नावे गळतात, परंतु स्थळे टिकतात. तुकोबांच्या पालखीची बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही वाट माहेर-सासरच्या भूगोलातूनच जाते. विठ्ठल हा पिता आणि पंढरी हे माहेर हा वारकरी संकेत या वाटेवर राहणाऱ्या स्त्रीला दूरचा राहत नाही. स्थळ हे स्मृतीचे अखेरचे आधारस्थान आहे, याची कठोर प्रचीती इंदापूर तालुक्याने घेतली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची गावे गेली. मूळ पळसदेवचे मंदिर पाणी ओसरल्यावरच दिसते. अशा गावाची लेक माहेराचे नाव घेते तेव्हा त्या नावामागे जायला वाट उरलेली नसते.

पिठाच्या गिरणीने जात्याचे काम संपविले आणि ओवी स्मरणातून संग्रहात आली. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखालील लोकसाहित्य समितीची प्रकाशने, इंदिरा संतांची ‘मालनगाथा’ हे या प्रवासाचे टप्पे होत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यापासून आरंभिलेल्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले गेले. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये ग्रंथरूपात आली आणि खानदेशातील एका स्त्रीला कवयित्रीचे नाव लाभले. दोन्हीकडे जे नाव ओवीने गाळले होते, तेच लेखनाने परत आणले.

हा न्याय आहे. पण त्यात वाचनाचा धोकाही आहे. नाव दिसताच ओवी आत्मचरित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो, आणि सासुरवासाची प्रत्येक ओळ त्या विशिष्ट घराविरुद्धची साक्ष ठरू लागते. उलट, नाव दुर्लक्षून ‘लोकमानस’ म्हणावे तर निवड करणारी, शब्द फिरविणारी स्त्री पुन्हा अदृश्य होते. शेकडो ओव्या कंठस्थ असताना तिने हीच का गायिली, हा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. परंपरेने दिलेल्या दोन ओळींत स्वतःची आठवण ठेवण्याची जागा तिला सापडते, आणि तिचे कवित्व त्या निवडीत असते. समीक्षेने शोध घ्यावयाचा तो या जागेचा. बारामतीच्या काव्येतिहासात आर्येबरोबर ओवीलाही प्रकरण मिळावयाचे असेल, तर त्याचा आरंभ तेथून करावा लागेल.