कारच्या हेडलाइटचा बल्ब घरी कसा बदलायचा? बदलल्यावर काय तपासायचे?

रात्री दोन पदरी रस्त्यावर समोरून एकच दिवा दिसतो. दुचाकी आहे असे समजून ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली जाते आणि जवळ आल्यावर कळते की समोर कार आहे, तिचा उजवा हेडलाइट बंद आहे. उडालेला बल्ब आपल्याला रस्ता कमी दाखवतो हे खरेच, पण समोरच्याला आपल्या गाडीची रुंदीही कळू देत नाही. म्हणून ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून टाळण्याचे हे काम नाही.

हॅलोजन हेडलाइट असलेल्या बहुतेक गाड्यांत हा बल्ब घरच्या घरी बदलता येतो. मात्र नवा बल्ब पेटला म्हणजे काम झाले असे नाही. तो जागेवर नीट बसला नाही, तर त्याचा उजेड रस्त्यावर न पडता समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

बल्बच गेला आहे का?

एका बाजूचा दिवा बंद असेल तर बहुधा बल्ब उडालेला असतो. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम बंद पडले, तर आधी फ्यूज, रिले किंवा स्विच तपासावा. दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडणे दुर्मीळ असते.

काढलेल्या बल्बमधली बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तुटलेली दिसली किंवा काच आतून काळी-चंदेरी झालेली असली, तर बल्ब संपला. शंका असेल तर डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहावा. बंद दिवा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष बल्बचा. तो आहे तिथेच राहिला तर दोष वायरिंगचा, कपलरचा किंवा फ्यूजचा.

कोणता बल्ब घ्यायचा?

बल्बचा प्रकार गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. जुन्या बल्बच्या धातूच्या बुडावरही तो छापलेला असतो. नेहमी दिसणारे काही प्रकार असे:

• एच४: एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट. अप्पर आणि डिपर दोन्ही यातूनच. मागे तीन पिना. यावर ‘६०/५५ वॅट’ असे लिहिलेले असते: अप्परला ६० वॅट, डिपरला ५५ वॅट.
• एच७: एकच फिलामेंट, ५५ वॅट. मागे दोन पिना. अशा गाड्यांत अप्पर आणि डिपरचे बल्ब वेगळे असतात.
• एच११: एकच फिलामेंट, ५५ वॅट. हा फिरवून बसवायचा असतो.

एका बाजूचा बल्ब उडाला असेल तर दोन्ही बदललेले बरे. दोघांनी जवळपास सारखाच वेळ काम केलेले असते, त्यामुळे दुसराही फार टिकत नाही. शिवाय एक जुना आणि एक नवा असला की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पडत नाही.

काचेला बोट का लावायचे नाही?

हॅलोजन बल्बची काच साधी नसते. ती बहुधा क्वार्ट्झची असते, कारण बल्ब चालू असताना ती २५० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. बोटाचा तेलकट डाग लागला तर तेवढ्याच जागी काच जास्त तापते, कमकुवत होते आणि बल्ब लवकर जातो. म्हणून बल्ब नेहमी धातूच्या बुडाला धरावा. स्वच्छ हातमोजे घातले तर उत्तम. चुकून बोट लागलेच तर कापडावर थोडे स्पिरिट घेऊन काच पुसावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच बल्ब बसवावा.

बल्ब बदलण्याची कृती

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन आणि दिवे बंद करून किल्ली काढावी. दिवे नुकतेच चालू असतील तर १०-१५ मिनिटे थंड होऊ द्यावेत.

२. बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागची बाजू शोधावी. काही गाड्यांत तिथे प्लास्टिकचे झाकण असते, ते आधी काढावे.

३. बल्बच्या मागचा कपलर सरळ मागे ओढून काढावा. तारा धरून ओढू नये. कपलर काळा पडलेला किंवा वितळलेला दिसला, तर नवा बल्ब घालण्याआधी तो बदलून घ्यावा.

४. एच४ बल्ब असेल तर त्यावरचे रबरी कव्हर काढावे. आत तारेची स्प्रिंग क्लिप दिसते. ती दाबून बाजूला सरकवली की बल्ब मोकळा होतो. एच११ सारखा बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने साधारण पाव फेरा फिरवला की बाहेर येतो.

५. नवा बल्ब बसवावा. एच४ च्या कडेला तीन कान असतात आणि त्यांपैकी एक रुंद असतो. हेडलाइटच्या खाचाही तशाच असतात, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. तो बसत नसेल तर जोर लावू नये, काढून पुन्हा जुळवावा.

६. बल्बची कडा सगळीकडून सपाट टेकली आहे हे पाहून क्लिप अडकवावी. मग रबरी कव्हर घट्ट बसवावे. त्यावर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वरच यायला हवी.

७. कपलर लावून अप्पर आणि डिपर दोन्ही चालू करून पाहावेत.

रबरी कव्हर सैल राहिले तर पावसाळ्यात आत पाणी आणि धूळ जाते आणि आतला चकचकीत रिफ्लेक्टर खराब होतो. तो गेला की नवा बल्ब घालूनही उजेड वाढत नाही.

जुना बल्ब कागदात गुंडाळून टाकावा. त्यात दाबाखाली वायू असतो, त्यामुळे फुटल्यास काचा उडतात.

फोकस तपासल्याशिवाय काम पूर्ण नाही

एच४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ती अडवते, म्हणून डिपरचा उजेड वर न उधळता रस्त्यावर पडतो. बल्ब तिरका बसला की ही वाटीही तिरकी होते आणि उजेड नको तिथे जातो.

तपासणी सोपी आहे. सपाट जागी भिंतीसमोर काही अंतरावर गाडी सरळ उभी करावी. हेडलाइटची उंची कमी-जास्त करण्याचे बटण असेल तर ते शून्यावर ठेवून डिपर लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसायला हवी आणि ती हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी. हा उतार अनेक गाड्यांवर टक्क्यांत दिलेला असतो. १ टक्का म्हणजे १० मीटर अंतरावर १० सेंटीमीटर खाली.

भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरचा उजेड डावीकडे किंचित वर चढतो आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खालीच राहतो. नव्या बल्बचा आकार दुसऱ्या बाजूसारखा दिसत नसेल तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवावा. तरीही फरक राहिला तर गॅरेजमध्ये फोकस सेट करून घ्यावा.

जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब टाकावा का?

दुकानात १००/९० वॅटचे बल्बही मिळतात. ६० ऐवजी १०० वॅटचा बल्ब लावला की विद्युतप्रवाह सुमारे १.७ पट होतो. तारेतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास २.८ पट वाढते. मूळ तारा आणि कपलर एवढ्या उष्णतेसाठी बनवलेले नसतात. ते वितळू शकतात.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घालण्यात अडचण वेगळी आहे. रिफ्लेक्टरची घडण बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार केलेली असते. एलईडीच्या चिप्स वेगळ्या आकाराच्या असतात, त्यामुळे उजेड अनेकदा विखुरतो. चालकाला समोर लख्ख दिसते, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करण्यास मनाई आहे.

गॅरेजमध्ये कधी जावे?

• बल्बपर्यंत हात पोहोचायला बंपर किंवा हेडलाइटचा संच काढावा लागत असेल.
• गाडीत झेनॉन दिवे असतील. ते सुरू होताना हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो, त्यांना घरी हात लावू नये.
• कंपनीनेच एलईडी हेडलाइट दिला असेल. त्यात अनेकदा सुटा बल्ब नसतो.
• नवे बल्ब वारंवार उडत असतील. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. त्याहून जास्त भरत असतील तर चार्जिंगमध्ये दोष आहे.

रात्रीच्या लांबच्या प्रवासाला, विशेषतः पावसाळ्यात घाटातून जाताना, निघण्याआधी भिंतीसमोर अप्पर-डिपर लावून पाहायला एक मिनिट लागते. एक जादा बल्ब त्याच्या खोक्यासह गाडीत ठेवला, तर वाटेत दिवा गेला तरी काम अडत नाही.