वणीतली मैत्री भावना

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, हे सगळ्यांना पाठ असतं. आम्हा वणीकरांना १६ ऑक्टोबर जास्त जवळचा. त्या दिवशी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, आणि वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हाच लागतो. माझी माय तेव्हा लहान होती, आजोबांच्या खांद्यावर बसून गेली. बावीस प्रतिज्ञांतली प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा ती शेवटपर्यंत सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

माझ्या लहानपणी विहारात धम्म म्हणजे वंदना, पंचशील आणि वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन. डोळे मिटून बसणं नंतर आलं. इंग्रज बौद्ध आचार्य संघरक्षितांच्या प्रेरणेनं १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला, पुढे वर्धा जिल्ह्यात बोर धरणाजवळ शिबिरकेंद्र झालं. माय तिथूनच मैत्री भावना शिकून आली.

या ध्यानाच्या पाच पायऱ्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग मित्राचं, मग अनोळख्याचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं, शेवटी सगळ्या जीवांचं. माय पहिल्याच पायरीवर अडली. सतरंजीची घडी घालून बसायची आणि मधेच डोळे उघडून म्हणायची, “माह्यासाठी काय मागू वं?” पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना तुमची किंमत नाही असंच ऐकवलं गेलं, त्यांना स्वतःसाठी सुख मागणंच सगळ्यांत जड गेलं. आमच्या धम्माच्या इतिहासातलं हे पान कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

चौथ्या पायरीवर मायनं गावातली एक बाई घेतली, वरून ओंजळीत पाणी ओतणारी. पुष्कळ वर्षांनी तिच्यासाठीही सुख मागता आलं. पण त्या पाण्याचा हिशेब मायनं कधी मिटवला नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवांसाठी, असं बाबासाहेबांनी मांडलं. अन्याय विसरा, असं त्यांनी कुठंच सांगितलं नाही.

शिबिरातल्या पूजेत फुलं वाहताना ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणत. आमच्यातल्या काहींना ते खटकलं: मंत्र सोडून तर आलो ना आपण? शंका रास्त होती. पण हा मंत्र तिबेटी म्हणून ओळखला जात असला तरी तो ज्याचा, तो करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर तिबेटातून आलेला नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा आहे तो हाच. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना आग, साप, हत्ती, बुडतं जहाज अशी संकटं कोरलीत आणि प्रत्येक ठिकाणी हात जोडून हाक मारणारी माणसं आहेत. मंत्र ज्या ‘कारंडव्यूह’ सूत्रात येतो तेही संस्कृतातलंच. इथून हा मंत्र तिबेटात गेला आणि १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांबरोबर गोंदियातल्या गोठणगावला, म्हणजे आपल्याच विदर्भात, परत आला. मायला हे पटलं. भात शिजेपर्यंत ती तो मंत्र मनात घोळवायची.

आता विहारात रविवारी वंदनेनंतर मैत्री भावना मी घेते. नव्या पोरींना पहिल्या पायरीवर जरा जास्त वेळ बसवते.