गवती चहा, अर्थात लीली चा
बडोद्यात भाजीवाल्याकडे पुदिन्यासोबत मिळणारी ‘लीली चा’, म्हणजे हिरवी चहा, हाच आपला गवती चहा. आमच्या घरांतली मुले आता गुजराती नावच सांगतात. दोन्ही ठाऊक असावीत. ही चहाच्या झाडाची पाने नव्हेत, गवत आहे. लिंबासारखा वास सिट्रालमुळे येतो. कॅफीन नसते, म्हणून रात्री नुसता उकळून घेता येतो. चहा पावडर घातली की हिशेब बदलला.

पाती कात्रीने कापून ठेचलेल्या आल्यासह आधी पाण्यात उकळावीत, मग पावडर, शेवटी दूध. कच्चे आले थेट दुधात पडले तर ते फाटू शकते. पुदिना मात्र गॅस बंद केल्यावर टाकून झाकावा, उकळल्यास कडवट लागतो. वेलची यात नकोच, असे आमचे मत. मुळासकट एक काडी कुंडीत लावली की घरचा पुरवठा सुरू.