वसतिगृह आधी, कॉलेज नंतर : महाराष्ट्रातील विद्यार्थी-निवासाचा इतिहास

विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा आनंद साधारण एक दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी घरात प्रश्न निघतो की राहायचे कुठे? मग वसतिगृहाचा अर्ज हातात येतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, पालकांचे हमीपत्र, स्थानिक पालकाचे नाव आणि पत्ता. मुलींच्या अर्जाला बहुधा आणखी एक पान जोडलेले असते, रात्री किती वाजेपर्यंत परत यायचे याचे. हा अर्ज आपण कंटाळून भरतो आणि गुणवत्ता यादीची वाट पाहत बसतो. पण त्यातल्या बहुतेक रकान्यांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. या टिपणात आपण तो पाहणार आहोत.

आपली समजूत अशी असते की आधी कॉलेज निघते आणि मग त्याच्या आवारात सोय म्हणून वसतिगृह बांधले जाते. महाराष्ट्रातल्या मोठ्या समाजाच्या बाबतीत हे उलटे घडले. शाळा-कॉलेजे होती, पण राहायला आणि जेवायला जागा नसल्यामुळे त्यांचे दार उघडे असूनही बंद होते. ते दार वसतिगृहाने उघडले.

वार आणि माधुकरी

वसतिगृहे नव्हती तेव्हा परगावी शिकणारी गरीब मुले काय करत? ब्राह्मण मुलांसाठी एक जुनी व्यवस्था होती. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण ठरवायचे, याला वार लावून जेवणे म्हणत. ते जमले नाही तर माधुकरी मागायची. झोपायला एखाद्या देवळाची ओवरी किंवा ओळखीच्या वाड्यातली पडवी. हे हलाखीचेच जगणे होते, त्यात सुख काही नव्हते. पण व्यवस्था होती, आणि तिच्या आधाराने अनेकांनी पदव्या घेतल्या.

आता ही व्यवस्था कशावर उभी होती ते पाहा. शहरात जातभाईंची पुरेशी घरे असणे, त्या घरांत विद्यार्थ्याला जेवू घालणे पुण्याचे मानले जाणे, आणि त्या मुलाला त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश असणे. खेड्यातल्या कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला यातले काय मिळणार? महार-मांग-चांभारांच्या मुलाला तर उंबऱ्याच्या आतही येता येत नव्हते. शिष्यवृत्तीतून फी सुटेल, पुस्तके उसनी मिळतील, पण रोजच्या दोन भाकऱ्या आणि अंथरूण टाकण्यापुरती जागा, हे उसने कोण देणार? शिक्षणाच्या इतिहासात आपण अभ्यासक्रम, इंग्रजी, सरकारी ठराव यांची चर्चा भरपूर करतो. स्वयंपाकघराची फारशी करत नाही.

कोल्हापूर, 1901

राजर्षी शाहू महाराजांनी 1894 साली कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला, तेव्हा तेथे राजाराम कॉलेज होते. त्याला जोडलेले वसतिगृह तत्त्वतः सर्वांसाठी होते. व्यवहारात मात्र ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यातून निघते. नियमात बंदी नव्हती. पण खोल्या कोण वाटतो आणि पंगतीला कोणाशेजारी कोणाला बसवतो, यावर प्रवेश ठरत होता.

18 एप्रिल 1901 रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊस सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले. पुढे 1906 मध्ये मुस्लिम, 1907 मध्ये वीरशैव लिंगायत, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी ही माळ महाराजांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत वाढत गेली. मिस क्लार्क म्हणजे मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी. संस्थानाने जागा दिल्या, इमारतींना मदत केली, अनुदाने बांधून दिली, आणि उरलेला भार त्या त्या समाजाने उचलावा अशी योजना ठेवली. आजही दसरा चौकात उभे राहिलात तर यातल्या काही संस्था आजूबाजूलाच दिसतात. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यावरून.

वर्गात या ठिकाणी हमखास एक प्रश्न येतो. जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे का काढली? प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग व्यवहाराचा आहे. त्या काळी एका चुलीवरचे जेवण सर्व जातींची मुले जेवतील, आणि त्यांचे आईबाप ते चालवून घेतील, अशी स्थिती नव्हती. आपल्या समाजाच्या मुलांसाठी म्हटले की लोक धान्य आणि पैसा देत, हेही खरे. उत्तराचा दुसरा भाग राजाराम कॉलेजच्या वसतिगृहात आहे. ‘सर्वांसाठी’ असे नाव दिलेली जागा प्रत्यक्षात कोणाची होते, हे महाराजांनी पाहिले होते. माझ्या मते हा अनुभव निर्णायक ठरला. पण जातवार वसतिगृहाची किंमतही होती, आणि ती कोल्हापुरातच एका विद्यार्थ्याला मोजावी लागली.

एका विद्यार्थ्याची हकालपट्टी

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगचे सोवळ्याओवळ्याचे नियम कडक होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करून मगच आत यायचे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधली त्यांची जागा गेली. नंतर शाहू महाराजांनीच त्यांना आसरा दिला.

वसतिगृहातून काढून टाकणे ही शिक्षा किती जबर असते, हे बाहेरच्याला कळत नाही. वर्गातून काढले तर तास बुडतो, खोलीतून काढले तर शिक्षण बुडते. त्यामुळे ही शिक्षा संस्थांच्या हातात कायमच हुकमी राहिली. 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातूनही काढले, हे उदाहरण तुम्हाला माहीत असेल.

भाऊरावांचे औपचारिक शिक्षण फार पुढे गेले नाही. पण 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे वाटून घेत. कोल्हापूरने ज्या चुली वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या साताऱ्यात एक झाल्या. कोल्हापूरच्या वसतिगृहांनी खेड्यातल्या समाजात शिक्षणाची ओढ आधी निर्माण केली नसती, तर साताऱ्याच्या प्रयोगाला मुले मिळाली असती का, याचाही विचार करावा. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. काढून टाकलेल्या मुलाने आसरा देणाऱ्याचे नाव आपल्या वसतिगृहाला दिले.

खर्चाचे काय? भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसा गोळा करत. ते कमी पडे तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने मोडत. शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेले. लक्ष्मीबाई 1930 मध्ये वारल्या. रयतचा इतिहास सांगताना हा प्रसंग भावुक होऊन सांगितला जातो. त्याकडे हिशेबाच्या नजरेनेही पाहायला हवे. वसतिगृहाचा सर्वांत मोठा खर्च इमारतीचा नसतो, रोजच्या जेवणाचा असतो, आणि तो एकही दिवस थांबवता येत नाही.

आता तारखा ओळीने लावा. 1924 ला वसतिगृह. 1935 ला अध्यापक विद्यालय. 1940 ला महाराजा सयाजीराव हायस्कूल. 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज, जेथे ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजली. वसतिगृह आणि कॉलेज यांच्यात तेवीस वर्षांचे अंतर आहे. या टिपणाचे शीर्षक तेथूनच आले.

न्यूयॉर्क, बडोदे, सोलापूर

1913 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तेथे ते विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले, आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे 1917 मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. इतके शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी काही दिवस काढले, आणि मग लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले.

1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 च्या सुरुवातीला सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. संस्थेच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. अस्पृश्य मुलांसाठी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचेही काम चालूच होते. सभा, वृत्तपत्र, सत्याग्रह यांच्या इतिहासात वसतिगृह मागे पडते. पण चळवळीत पुढे आलेली शिकलेली पिढी अशाच ठिकाणी राहून शिकली.

मुली आणि घड्याळ

मुलींच्या बाबतीत निवास आणि शिक्षण वेगळे करताच येत नव्हते. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, ते विधवांसाठी घर आणि शाळा असे दोन्ही होते. धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमाचीही तीच रचना. घरातून बाहेर पडलेल्या बाईला परतायला घर नसे, म्हणून संस्थेलाच घर व्हावे लागले. त्याबरोबर घराची शिस्तही आत आली. संस्थेचे नाव खराब होऊ नये, लोकांनी बोट दाखवू नये, ही काळजी त्या काळी खोटी नव्हती, कारण एका अफवेने संस्था बंद पडू शकत होती. मुलींच्या वसतिगृहातल्या घड्याळाचे मूळ मला या काळजीत दिसते. परिस्थिती बदलली, घड्याळ तेच राहिले.

महाराष्ट्राबाहेर शिकायला जाणाऱ्यांनाही हाच इतिहास भेटतो. समजा तुम्ही चंडीगढला गेलात, सेक्टर 30 मधल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत संशोधनासाठी किंवा सेक्टर 14 मधल्या पंजाब विद्यापीठात पदवीसाठी. फाळणीनंतर लाहोर सुटलेले हे विद्यापीठ अनेक वर्षे सोलनहून कारभार चालवत होते. 1956 मध्ये ते चंडीगढला आले. येथे कोल्हापूरच्या उलट घडले. शहर कागदावर आखले गेले आणि विद्यापीठाचे आवारही. पण 2018 मध्ये याच विद्यापीठातल्या मुली, वसतिगृहात चोवीस तास ये-जा करता यावी म्हणून कित्येक आठवडे धरण्याला बसल्या. त्या वर्षी विद्यार्थी परिषदेवर प्रथमच एक विद्यार्थिनी अध्यक्ष म्हणून निवडून आली होती. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने मागणी मान्य केली.

त्याच शहराची दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी 2020 मध्ये सेक्टर 32 मधल्या एका पीजीला आग लागून तीन तरुणींचा मृत्यू झाला. ते पीजी विनापरवाना चालत होते. वसतिगृहात खोली न मिळालेली मुले जातात कुठे, याचे उत्तर प्रत्येक शहरात असेच कुठेतरी असते.

आजचा अर्ज

2016 च्या मराठा क्रांती मोर्चांच्या मागण्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहे असावीत, ही मागणी होती. 1901 आणि 2016 या दोन सालांत काय बदलले आणि काय नाही, यावर स्वतंत्र निबंध होईल. सरकारचे उत्तर मात्र बदलले आहे. खोली देण्याऐवजी आता पैसे देण्याकडे कल आहे. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000, इतर महापालिका क्षेत्रांत 51,000 आणि अन्यत्र 43,000 रुपये असे तिचे दर होते. मराठा आणि इतर आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. पैसा उपयोगी पडतो, यात वाद नाही. पण तो हप्त्याने आणि बहुधा उशिरा येतो, घरमालक मात्र डिपॉझिट पहिल्या दिवशी मागतो. शिवाय आडनाव विचारून ‘खोली नुकतीच गेली’ असे सांगणाऱ्या घरमालकावर बँकेत जमा झालेल्या रकमेचा काही इलाज चालत नाही.

म्हणून अर्जाची तारीख चुकवू नका. विद्यापीठाचे वसतिगृह, समाजकल्याणचे वसतिगृह आणि ट्रस्टची जुनी बोर्डिंगे, तिन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा. दाखले निकालाआधी काढून ठेवा. पहिल्या यादीत नाव नसेल तर खचू नका, दुसऱ्या यादीबद्दल गृहपालांना प्रत्यक्ष जाऊन विचारा. तोपर्यंत मित्राच्या खोलीत चटई टाकून राहणाऱ्याला आपल्याकडे ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द चेष्टेचा आहे, पण वार लावून जेवणाऱ्या मुलाचाच तो आजचा अवतार आहे. नियमात तो बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. पकडले गेल्यास खोली मित्राचीही जाते.

स्वाध्याय : तुमच्या कॉलेजचे किंवा गावातले सर्वांत जुने वसतिगृह शोधा. कोनशिलेवरचे साल, देणगीदारांची नावे आणि मिळाल्यास पहिली नियमावली उतरवून घ्या. ती आजच्या अर्जाशेजारी ठेवून वाचा, आणि कोणते कलम गेले, कोणते शब्द बदलून राहिले, ते वहीत नोंदवा.