‘वॉकेड’चं काय चुकलं होतं?

पाचवीत ए-बी-सी-डी आणि पुढे ‘गो-वेंट-गॉन’, अशी आपली इंग्रजी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आपली बॅच त्याच्या बरीच आधीची. क्रियापदांची तीन रूपं पाढ्यांसारखी एका सुरात म्हणायची. त्या सुरात आपण ‘वॉकेड’, ‘लाफेड’ म्हणायचो, कारण पुस्तकात तसंच छापलेलं असे. पुढे कॉलेजात मी भर वर्गात ‘लुकेड’ वाचलं आणि मागचे बाक हसले. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. तुमच्यापैकी अनेकांचं असंच झालं असेल, म्हणून हा इतिहास.

एकेकाळी खुद्द इंग्रजच तसं म्हणत. जुन्या इंग्रजीत भूतकाळाच्या प्रत्ययातला स्वर स्पष्ट उच्चारला जाई. पुढच्या काही शतकांत बोलण्याच्या ओघात तो गळत गेला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही उच्चार चालत. ओळीत अक्षरं बसवायला तो सोयीचा घेई. १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टने (‘गलिव्हर’वाला तोच) या गळतीविरुद्ध थेट लॉर्ड ऑक्सफर्डना जाहीर पत्र लिहिलं. ‘डिस्टर्ब्ड’सारखी आखडलेली रूपं त्याच्या कानाला खुपत. म्हणजे आपण स्विफ्टच्या पक्षातले, फक्त अडीचशे वर्षं उशिरा!

स्वर गेल्यावर उरलेला ‘ड’ शेजाऱ्याच्या वळणावर गेला. ‘क’, ‘प’, ‘फ’, ‘स’ यांच्या संगतीत त्याचा ‘ट’ झाला: वॉक्ट, लाफ्ट. घशात कंप होणाऱ्या आवाजांनंतर तो ‘ड’च राहिला: कॉल्ड, प्लेड. क्रियापदच ‘ट’ किंवा ‘ड’वर संपलं तर स्वर काढता येईना, म्हणून ‘वॉन्टेड’ टिकला. कोर्टात वकील एकमेकांना ‘लर्नेड फ्रेंड’ म्हणतात, तो त्याच जुन्या उच्चाराचा अवशेष.

आणि ‘वेंट’? तो मुळात ‘गो’चा नाहीच. ‘वेंड’, म्हणजे वाट धरणे, याचा तो भूतकाळ, ‘सेंड-सेंट’सारखा. ‘गो’ने तो आपलासा केला. मराठीतही तेच: ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ ‘गम्’चा.

आपलं मंद्रूप विजापूर रस्त्यावरचं. कितीतरी मुलांच्या घरची भाषा कन्नड. त्यांच्याकडे ‘होगु’चं सरळ ‘होद’ होतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांच्यातला एक जण म्हणाला, “वडील सोलापूरला जाले.” आपण पोट धरून हसलो होतो. त्याला मराठी आणि इंग्रजी, दोन्हीकडचं हे कोडं पाठ करावं लागत होतं. हसणाऱ्यांत मी पुढे होतो. मेळाव्याला तो येणार आहे, असं कळलंय.