शापाआड हरवलेला माणूस

फुटबॉलच्या लोकस्मृतीत बेला गुटमन हे नाव आज मुख्यत्वे एका शापापुरते उरले आहे. लिस्बनच्या बेनफिका क्लबला 1961 आणि 1962 असे लागोपाठ दोनदा युरोपीय चषक मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाने मानधनात वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि पुढची शंभर वर्षे हा क्लब युरोपात विजेता होणार नाही असे बजावून तो निघून गेला, अशी ही कथा. 1963 ते 2014 या काळात बेनफिका युरोपीय स्पर्धांच्या आठ अंतिम सामन्यांत हरला. 1990 सालचा अंतिम सामना व्हिएन्नात होता, आणि गुटमन तेथेच दफन आहेत. सामन्यापूर्वी त्यांचा एकेकाळचा शिष्य युसेबियो त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आला. बेनफिका तरीही हरला.

साहित्याच्या अभ्यासकांना ही कथा ओळखीची वाटावी. अपमान, शापवाणी आणि तिची फलश्रुती असा तिचा सुघड घाट आहे. आमची अडचण तेथूनच सुरू होते. ज्याने क्लबला शंभर वर्षांचा शाप दिला, तोच माणूस 1965 साली त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून परतला, या साध्या तपशिलाला कथेत जागा नाही. दंतकथा चरित्राची जागा घेते तेव्हा ती काय झाकते, हे पाहण्यासाठी आम्ही प्रशिक्षक गुटमन क्षणभर बाजूला ठेवून खेळाडू गुटमन यांच्याकडे वळतो.

त्यांचा जन्म 1899 साली बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील नृत्यशिक्षक होते आणि बेला यांनीही तारुण्यातच ती विद्या आत्मसात केली होती. मैदानावर ते 'सेंटर हाफ' म्हणून खेळत. आज हा शब्द बचावपटूसाठी वापरला जातो. त्या काळच्या दोन-तीन-पाच या रचनेत मात्र सेंटर हाफ मधल्या फळीच्या केंद्रस्थानी असे. बचाव आणि आक्रमण यांना जोडणे, खेळाची लय राखणे हे त्याचे काम. जिमी होगन या इंग्रज गुरूने एमटीके क्लबला जमिनीलगतच्या आखूड पासांचा खेळ शिकवला होता. त्याच क्लबात गुटमन घडले आणि 1921 साली हंगेरीच्या राष्ट्रीय संघातही आले.

परंतु 1920 नंतरची हंगेरी ज्यूंसाठी पूर्वीची राहिली नव्हती. क्रांती फसल्यावर उसळलेल्या प्रतिक्रांतीच्या दहशतीत ज्यूंवर हल्ले होत होते. विद्यापीठांतील त्यांच्या संख्येवर 1920 च्या कायद्याने मर्यादा घातली होती. एमटीकेची ओळखच मुळी शहरातील सुशिक्षित ज्यू मध्यमवर्गाशी जोडलेली होती. गुटमन व्हिएन्नाला गेले आणि हाकोआ क्लबात दाखल झाले. 'हाकोआ' म्हणजे हिब्रूत सामर्थ्य. ज्यू माणूस म्हणजे दुबळा, पुस्तकी जीव, या प्रतिमेला उत्तर म्हणून 1909 साली स्थापन झालेल्या या क्लबचे खेळाडू छातीवर डेव्हिडचा तारा मिरवत. ज्या खुणेमुळे मायदेशी जीव धोक्यात येई, तीच येथे गणवेशावर आली होती. 1923 साली या संघाने लंडनमध्ये वेस्ट हॅमचा 5-0 असा पराभव केला. 1924-25 च्या हंगामात ऑस्ट्रियाची स्पर्धा प्रथमच व्यावसायिक झाली आणि तिचे पहिले विजेतेपद हाकोआने पटकावले. मधल्या फळीत गुटमन होते.

त्यांच्या स्वभावाचा नमुना म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट सांगितली जाते. हंगेरीच्या पथकात पदाधिकाऱ्यांचीच गर्दी होती आणि मुक्कामाचे हॉटेल रात्रीच्या मौजमजेच्या वस्तीत निवडलेले होते. निषेध म्हणून गुटमन यांनी मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या दारांना टांगले, असे म्हणतात. इजिप्तकडून 0-3 असा पराभव पत्करून संघ परतला, आणि गुटमन पुन्हा हंगेरीकडून खेळले नाहीत.

1926 साली हाकोआ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका सामन्याला सुमारे 46,000 प्रेक्षक जमले. ज्यू खेळाडूंना पाहायला एवढी गर्दी टाळ्या वाजवत येते, हा अनुभव युरोपात दुर्मीळ होता. संघातील अनेक जण तेथेच राहिले. गुटमन त्यांपैकी एक. न्यूयॉर्क जायंट्स, मग न्यूयॉर्क हाकोआ असे संघ त्यांनी बदलले, 1929 साली अमेरिकेचा राष्ट्रीय चषकही जिंकला. दारूबंदीच्या त्या काळात त्यांनी चोरट्या मद्यालयात पैसा गुंतवल्याचे सांगतात. शेअर बाजार कोसळला आणि साठवलेले बहुतेक गेले. 1932 साली ते व्हिएन्नाला परतले, लवकरच खेळणे थांबवले आणि प्रशिक्षक झाले.

येथवरचे जीवन विंचवाच्या बिऱ्हाडासारखे पाठीवर होते, पण त्यात निवडीला थोडा वाव होता. पुढे तोही उरला नाही. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केला आणि हाकोआ बरखास्त झाला. गुटमन बुडापेस्टला आले. 1939 साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली उय्पेश्त संघाने हंगेरीचे विजेतेपद आणि मध्य युरोपचा मित्रोपा चषक जिंकला, आणि त्याच काळात ज्यूविरोधी कायद्यांचा फास आवळत गेला. 1944 साली जर्मन सैन्य हंगेरीत शिरल्यावर ते एका पोटमाळ्यावर लपून राहिले. पुढे सक्तमजुरीच्या छावणीत पडले. वर्षअखेरीस तेथून ते निसटले. सोबत एर्नो एर्बस्टाइन होते, पुढे तोरिनो संघाला वैभव मिळवून देणारे आणि 1949 साली सुपेर्गा टेकडीवरील विमान अपघातात संघासह मृत्यू पावलेले. गुटमन वाचले. त्यांचे वृद्ध वडील, बहीण आणि अनेक आप्त मात्र नाझी संहारात मारले गेले.

या वर्षांविषयी ते जाहीरपणे जवळजवळ बोललेच नाहीत. बोलत ते डावपेचांविषयी, पैशाविषयी, क्लबचालकांच्या कोतेपणाविषयी. युद्धानंतर रुमानियात त्यांनी मोबदला म्हणून धान्य-भाजीपाला मागून घेतला, ही गोष्ट गमतीने सांगितली जाते. संघ अव्वल स्थानी असताना मिलानने 1955 मध्ये त्यांना काढून टाकले, तेव्हापासून ते करारात अट घालू लागले की संघ अग्रस्थानी असेतो आपल्याला काढता येणार नाही. एका क्लबात तिसरे वर्ष घातक असते, हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून ते दहांहून अधिक देशांत राहिले: इटली, अर्जेंटिना, सायप्रस, ब्राझील, पोर्तुगाल, उरुग्वे... ही यादी साहसी माणसाची म्हणून वाचली जाते. आम्हांला ती वेगळी वाचावीशी वाटते. भाजीपाला मागणाऱ्याला भूक ठाऊक होती, आणि लेखी हमी मागणाऱ्याला ठाऊक होते की विजेत्यालाही एका रात्रीत बेदखल करता येते. अर्थात प्रत्येक भांडणाचे मूळ छावणीत शोधणेही सोपेपणाचेच होईल. पॅरिसमधले उंदीर छावणीच्या वीस वर्षे आधीचे आहेत.

गुटमन 1981 साली व्हिएन्नात वारले. त्यांच्या तोंडी घातलेले एक वाक्य जगभर पोहोचले. जे त्यांनी मुळी उच्चारलेच नाही, त्याला वाचा द्यायला उशिरा लिहिल्या गेलेल्या चरित्रांची वाट पाहावी लागली. वाङ्मयाच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना संहितेतल्या मौनाकडे पाहायला शिकवतो. हीच दृष्टी खेळाच्या इतिहासाकडे वळवायला हवी. बेनफिका पुढच्या वेळी अंतिम फेरीत गेला की शापाची गोष्ट पुन्हा सांगितली जाईल. ती सांगताना त्या पोटमाळ्याचाही उल्लेख व्हावा, एवढीच आमची अपेक्षा.